गाणं कोणाचं? : ऐकणाऱ्यांचा एक छोटा इतिहास



‘आपल्या काळातली गाणी’ या विषयावर स्मरणिकेत काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला. गायकांवर आणि संगीतकारांवर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे, आणि माझ्यापेक्षा कितीतरी जाणकारांनी लिहिलं आहे. म्हणून मी ऐकणाऱ्यांविषयी लिहायचं ठरवलं. म्हणजे तुमच्या-माझ्याविषयी, आपल्या आईवडिलांविषयी आणि आजी-आजोबांविषयी. ज्यांनी कधी तंबोरा हातात धरला नाही, पण गाणं लागलं की हातातलं काम थांबवून “हे कोण गायलंय गं?” असं विचारलं, त्यांचा हा इतिहास आहे.

हा प्रश्न दिसतो साधा. पण आपल्याकडच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास चाळला तर जागोजागी तोच भेटतो. गाणाऱ्याचं नाव कधी तबकडीवर नसायचं, कधी रेडिओवर सांगितलं जायचं नाही, कधी कॅसेटच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत असायचं. ते नाव विचारून, लिहून, जपून ठेवलं ते बहुतेक वेळा ऐकणाऱ्यांनी. आपल्याला आज जे माहीत आहे, त्यातला मोठा वाटा या लोकांच्या चौकसपणाचा आहे.

सुरुवात कलकत्त्याहून करावी लागते. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनं फ्रेड गायस्बर्ग या तंत्रज्ञाला पूर्वेकडच्या देशांतलं गाणं मुद्रित करायला पाठवलं, आणि ११ नोव्हेंबर १९०२ रोजी त्यानं गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून पूर्ण आवाजात गायचं. त्या आवाजाच्या कंपनांनी दुसऱ्या टोकाची सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरत जायची. तीन मिनिटांच्या आसपास तबकडी भरायची, तेवढ्यात गाणं संपवायचं. गाणं संपलं की गौहर जान मोठ्यानं इंग्रजीत म्हणायच्या, “माय नेम इज गौहर जान.”

हे वाक्य ऐकून आज आपल्याला हसू येतं. त्यामागचं कारण मात्र व्यवहाराचं होतं. मेणाच्या त्या तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कारखान्यात त्यांच्या प्रती निघायच्या. तिथल्या कामगाराला ना हिंदुस्थानी कळत होतं, ना बंगाली. कुठल्या तबकडीवर कोणाच्या नावाचा कागद चिकटवायचा, हे त्याला समजावं म्हणून गाणारीनं स्वतःच नाव सांगून ठेवायचं, असं त्याचं कारण सांगितलं जातं. म्हणजे आपल्याकडचं ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हाच गाण्याबरोबर नाव पोचतं की नाही, ही काळजी सुरू झाली होती. पुढे १९०८मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या इथंच तयार होऊ लागल्या. त्या ज्या लाखेपासून बनत, ती लाख तर आधीपासून आपल्याच देशातून जगभर जात होती.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या काळ्या तबकडीनं आपल्याकडच्या श्रोत्याचं आयुष्य कसं बदललं, याचा अंदाज यायला तिच्याआधीचे दिवस आठवायला हवेत. चांगलं गाणं ऐकायचं तर दरबार, देऊळ, श्रीमंताची बैठक किंवा नाटकाचं थिएटर एवढीच ठिकाणं होती. तिथं तुम्हाला प्रवेश असेल तर ऐका, नाहीतर भिंतीबाहेर उभे राहा. तबकडीनं ती भिंत पाडली. घरी यंत्र नसलं तरी चहाच्या हॉटेलात ते वाजायचं, दुकानाच्या दारात वाजायचं, आणि एका कप चहाच्या पैशांत बालगंधर्वांची नाट्यगीतं कानावर पडायची. चावी द्यायची, पिन बदलायची आणि सुई कडेला अलगद टेकवायची, हे काम घरातल्या मोठ्या माणसाचं असे. लहानांनी फक्त लांबून बघायचं.

अशाच एका लांबून ऐकणाऱ्या मुलाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गदगमध्ये वाढणाऱ्या भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि त्या तीन मिनिटांनी त्यांना वेड लावलं. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. हिंडून हिंडून ते शेवटी पोचले ते अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य असलेल्या सवाई गंधर्वांकडे. तिकडे बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली नावाचा छोटा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवत होता. तेच आपले कुमार गंधर्व. दोघंही आधी श्रोते होते, गायक नंतर झाले. दोघांच्याही बाबतीत रेकॉर्डवर नाव होतं, म्हणून शोध घेता आला. नाव नसतं तर गाणं नुसतं आवडून राहिलं असतं.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब १९४६पर्यंत हयात होते. मुंबईत होते, कोल्हापुरात होते, पण रेकॉर्ड त्यांनी दिली नाही. भास्करबुवा बखले १९२२मध्ये गेले. त्यांचंही गाणं मागे राहिलं नाही. या दोघांच्या गाण्याबद्दल आपण वाचतो आणि त्यांच्या शिष्यांवरून अंदाज बांधतो. आवाज मात्र कायमचा गेला. ध्वनिमुद्रण नसलं की काय होतं, हे आपल्या महाराष्ट्राइतकं नीट कोणाला कळावं?

आता सिनेमाकडे वळू. १९४९मध्ये ‘महल’ प्रदर्शित झाला. त्यातलं झुल्यावरचं गाणं कोणतं, हे मी सांगायची गरज नाही. त्याची तबकडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव छापलं होतं : कामिनी. ‘कामिनी’ हे मधुबालाच्या सिनेमातल्या पात्राचं नाव! त्या काळी पार्श्वगायकांची नावं द्यायची पद्धत नव्हती; पडद्यावर जी गाते तीच गाते, असा भास जपायचा असे. पण ऐकणाऱ्यांना राहवेना. रेडिओकडे विचारणा सुरू झाली की ही गाणारी मुलगी कोण? शेवटी रेडिओनं रेकॉर्ड कंपनीकडून नाव मिळवलं आणि श्रोत्यांना सांगितलं : लता मंगेशकर. त्यानंतर तबकड्यांवर पार्श्वगायकांची नावं देण्याची रीत पक्की होत गेली.

लताबाईंचं मोठेपण कोणीही नाकारणार नाही, ते त्यांच्या गळ्यातच होतं. पण त्यांचं नाव तबकडीच्या त्या गोल कागदावर उमटलं, त्यामागे चौकशी करणारे अनामिक श्रोते होते. त्यांच्यापैकी एकाचंही नाव आज कोणाला ठाऊक नाही.

तीनच वर्षांनी गोष्टीला वेगळं वळण लागलं. १९५२मध्ये डॉ. बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. हे आपल्या पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. सिनेसंगीतानं लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं मत होतं. आकाशवाणीवरचा सिनेगीतांचा वेळ कमी झाला. शिवाय सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे त्याची फुकट जाहिरात, म्हणून गायकाचं नाव सांगायचं पण चित्रपटाचं नाही, असा दंडक आला. निर्माते चिडले आणि त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. देशाच्या रेडिओवरून सिनेमाची गाणी जवळपास नाहीशी झाली.

केसकरांची बाजूही न्यायानं मांडायला हवी. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला, आणि बैठकीत कधी न बसलेल्या हजारो घरांत राग-रागिण्या पोचल्या. पण श्रोत्यानं काय ऐकायचं हे मंत्रालयात बसून ठरवता येत नाही, हेही त्याच काळात सिद्ध झालं. लोकांनी रेडिओची कळ फिरवली आणि सरळ समुद्रापलीकडे गेले. महायुद्धात दोस्त सैन्यानं उभारलेलं जोरकस प्रक्षेपण केंद्र सिलोनला होतं. त्याच रेडिओ सिलोनवरून ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींचा तो आवाज यायचा. आपण ऐकू लागलो तोवर तिचं नाव ‘सिबाका’ झालं होतं, पण घरातले मोठे शेवटपर्यंत ‘बिनाका’च म्हणत राहिले.

गीतमालेचा खरा मालक श्रोता होता. सुरुवातीला तर सात गाणी वाजवून त्यांचा काळानुसार क्रम लावून पाठवा, अशी स्पर्धाच होती. पहिल्याच कार्यक्रमानंतर नऊ हजार पत्रं आली, असं सायानी सांगत असत. पुढे ‘पायदान’ सुरू झाली आणि त्यांचा क्रम लावताना दुकानांतल्या रेकॉर्डच्या विक्रीबरोबर गावोगावच्या रेडिओ श्रोता संघांचं मतही विचारात घेतलं जाऊ लागलं. झुमरी तलैया हे बिहारमधलं (आता झारखंडमधलं) अभ्रकाच्या खाणींचं गाव साऱ्या देशाला माहीत झालं, ते केवळ तिथल्या लोकांनी पाठवलेल्या फर्माइशीच्या पत्रांमुळे.

फर्माइशीच्या कार्यक्रमांची आणखी एक गंमत होती. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये गाण्याआधी श्रोत्यांची नावं वाचली जात. इतकी वर्षं जो नुसता ऐकत होता, त्याचं स्वतःचं नाव, त्याच्या गावाचं नाव रेडिओतून यायचं. पोस्टकार्ड टाकायचं आणि मग पुढचे कितीतरी दिवस कान लावून बसायचं. आपल्यापैकी कितीजणांची नावं कधी ना कधी त्यात आली असतील, हात वर करा!

सिनेगीतांना आकाशवाणीची दारं पुन्हा उघडली ती ‘विविध भारती’मुळे, ३ ऑक्टोबर १९५७ला. तिथंही नावांचा प्रश्न संपला नव्हता. गायक सांगितला जायचा, संगीतकार सांगितला जायचा, पण शब्द लिहिणारा? गीतकाराचंही नाव सांगा, असा आग्रह साहिर लुधियानवींनी धरला, आणि त्याचा फायदा पुढच्या साऱ्या गीतकारांना झाला. आपण “गायक, गीतकार, संगीतकार” अशी त्रयी एका दमात म्हणतो ना, ती अशी भांडून मिळालेली आहे.

मराठीतलं सर्वांत मोठं उदाहरण अर्थातच ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५, रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवर त्याचा आरंभ झाला. आठवड्याला एक, अशी एकूण ५६ गीतं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचं संगीत. आपल्या पिढीला गीतरामायण म्हटलं की बाबूजींचाच आवाज ऐकू येतो, कारण रेकॉर्ड आणि कॅसेट त्यांच्या आवाजातल्या होत्या. पण मूळ प्रक्षेपणात गाणारे अनेकजण होते. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, योगिनी जोगळेकर अशी ती मांदियाळी होती. आपल्या आईवडिलांच्या पिढीनं तो कार्यक्रम रेडिओसमोर बसून, कोणी कोणी तर वहीत शब्द उतरवून घेत ऐकला. कोणतं गीत मूळ कोणी गायलं, हे विचारलं की ती मंडळी पटकन सांगत. वर्षभर दर आठवड्याला कान देऊन ऐकलेलं असल्यामुळे त्यांना वही उघडावी लागत नसे.

आता आपला काळ. आपण एस.एस.सी. झालो १९८४ला. म्हणजे लाखेच्या तबकड्या आपण माळ्यावरच पाहिल्या. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले रेकॉर्ड ज्यांच्या घरी होती, ते आपल्या वर्गातले श्रीमंत. १९७५चा ‘शोले’ आठवतो? त्याच्या गाण्यांपेक्षा संवादांच्या रेकॉर्डचा बोलबाला अधिक झाला. गणपतीच्या मांडवातून गब्बरसिंग दिवसभर ओरडायचा आणि आपल्याला सगळे संवाद श्वास घ्यायच्या जागांसकट पाठ होते. नंतर १९८०ची ‘कुर्बानी’ आली, १९८१ला नाझिया हसनचा ‘डिस्को दीवाने’ आला, आणि गॅदरिंगच्या नाचांचा नूरच पालटला. गुरुजनांना तो फारसा रुचला नाही, हे आम्हाला तेव्हाही कळत होतं.

पण आपलं खरं वाद्य होतं टेपरेकॉर्डर! फिलिप्स कंपनीनं १९६३मध्ये काढलेली ती छोटी कॅसेट आपल्याकडे घरोघर पोचली ती ऐंशीच्या दशकात. तिनं प्रथमच ऐकणाऱ्याच्या हातात मुद्रण करायची सोय दिली. साठ मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची, बारा-पंधरा गाण्यांची यादी करायची, दुकानदाराकडून ती भरून घ्यायची. यादीवरून घरात भांडणं व्हायची, कारण एका बाजूला अर्धाच तास. रीळ अडकलं की पेन्सिल घालून गुंडाळायचं. रेकॉर्डपेक्षा कॅसेट कितीतरी स्वस्त पडे, आणि ती काढायला मोठा कारखानाही लागत नसे. त्यामुळे ज्यांच्याकडे मोठ्या कंपन्यांचं फारसं लक्ष नव्हतं असे आवाजही बाजारात आले. भीमगीतं, कोळीगीतं, लोकगीतं, वग, भारूडं, गावोगावच्या दिंड्यांचे अभंग असं सगळं कॅसेटवर आलं. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज एस.टी. स्टँडच्या टपरीपासून पंढरीच्या वाटेपर्यंत घुमू लागला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी कॅसेटची दुकानं लागू लागली. ज्यांच्या घरी पूर्वी कधी ग्रामोफोन आला नव्हता, त्यांच्या घरी त्यांचं स्वतःचं गाणं आलं.

कॅसेटनं नावांचा घोटाळाही केला. जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या आवृत्त्या स्वस्तात निघू लागल्या. कॉपीराइट कायद्यातल्या तरतुदीचा आधार घेऊन टी-सिरीजनं हा धंदा फार मोठा केला. कव्हरवर सिनेमाचं नाव मोठं, नटाचा फोटो मोठा, आणि प्रत्यक्ष गाणाऱ्याचं नाव कोपऱ्यात. घरी येऊन कॅसेट लावली की पहिल्या दोन ओळींत कळायचं, हा तो आवाज नव्हे! त्या नव्या आवाजांपैकी काही उत्तम होते आणि पुढे त्यांनी स्वतःचं नाव कमावलं. पण कव्हर उलटून बारीक अक्षरं वाचायची सवय आपल्या पिढीला लागली ती या घोटाळ्यामुळेच.

प्रत्यक्ष मैफलींचाही इथं उल्लेख करायला हवा, कारण श्रोता घडतो तो तिथंच. सवाई गंधर्व १९५२ला गेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात भीमसेनजींच्या पुढाकारानं त्यांच्या स्मृतीचा महोत्सव सुरू झाला. डिसेंबरची थंडी, रमणबागेचं मैदान, अंगावर शाल, शेजारी थर्मास आणि रात्रभर गाणं. शेवटच्या दिवशी पहाट उलटून गेल्यावर भीमसेनजी बसायचे, तोवर कोणी जागचं हलायचं नाही. पुढे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्रीच्या मैफलींना वेळेचं बंधन आलं. त्या मैदानावर कोणी प्राध्यापक, कोणी रिक्षाचालक, कोणी साताऱ्याहून एस.टी.नं आलेला शेतकरी. “हा राग कोणता हो?” असं शेजारच्या अनोळखी माणसाला विचारायला तिथं कोणी लाजत नसे आणि सांगणाराही मोठेपणा मिरवत नसे. आपल्या शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेनंतर इतकी सरमिसळ मी फक्त तिथंच पाहिली.

आणि मग येतात ते वेडे लोक, ज्यांनी हे सगळं जपलं. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी हिंदी सिनेमांतल्या गाण्यांची सूची करायला घेतली. कोणत्या वर्षी कोणता सिनेमा, त्यात गाणी कोणती, गायलं कोणी, लिहिलं कोणी, संगीत कोणाचं, असा तो ‘हिंदी फिल्म गीत कोश’. त्याचे खंड १९८०पासून प्रसिद्ध होऊ लागले. हे काम कुठल्या सरकारी खात्यानं किंवा विद्यापीठानं केलं नाही. केलं ते रेडिओ ऐकणाऱ्या एका माणसानं आणि त्याला माहिती पुरवणाऱ्या त्याच्यासारख्या इतर श्रोत्यांनी. मुंबईत १९९०मध्ये रेकॉर्ड जमवणाऱ्यांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन केली. चोरबाजारात किलोच्या भावानं जाणाऱ्या तबकड्या विकत घ्यायच्या, धुवायच्या, वाजवायच्या आणि त्यांच्यावरचं प्रत्येक अक्षर उतरवून ठेवायचं, हा या मंडळींचा छंद. मराठीत शिरीष कणेकरांच्या ‘गाये चला जा’नं तर विस्मरणात गेलेल्या संगीतकारांची नावं घराघरांत पुन्हा नेली.

असं जपून ठेवल्यानं काय होतं, याची एक गोष्ट मला फार आवडते. १९७७मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर ही दोन यानं अंतराळात पाठवली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवली आहे. कधीकाळी परग्रहावरच्या कोणाला ती सापडलीच, तर पृथ्वीवरचे आवाज त्याला ऐकता यावेत म्हणून. साऱ्या जगातल्या संगीताचे २७ तुकडे निवडले गेले. त्यांत गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी ती सुचवली. पण ती रेकॉर्ड बाजारातून कधीच गेली होती. शोधाशोध करता करता ती मिळाली न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात! त्या कुटुंबानं ते खोकं भंगारात दिलं असतं तर? व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. आज त्यांचा आवाज आंतरतारकीय अवकाशात पोचलेला आहे, आणि ज्या अल्लादिया खाँसाहेबांकडून त्या शिकल्या त्यांचा आवाज पृथ्वीवरही नाही.

आता सगळं मोबाइलमध्ये आलं आहे. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६च्या फेब्रुवारीअखेरीस बंद झालं. हवं ते गाणं क्षणात मिळतं, याचा मलाही आनंदच आहे. रात्री झोप आली नाही की मी कुमारजींना हाक मारते आणि ते येतात. पण पडद्यावर सिनेमाचं चित्र आणि गायकाचं नाव दिसतं, गीतकाराचं नाव पुष्कळदा शोधूनही सापडत नाही. २०२०मध्ये हिंदीतल्या गीतकारांनी एकत्र येऊन आमचं नाव द्या, अशी मागणी केली. तीही गाण्यातूनच! गौहर जान यांनी कर्ण्यात तोंड घालून आपलं नाव सांगितलं, त्याला तेव्हा ११८ वर्षं झाली होती.

हे सगळं सांगण्यामागे माझा स्वार्थ आहे, तो आता सांगते. मेळाव्याच्या तयारीत आपल्याला १९८२च्या स्नेहसंमेलनाची एक कॅसेट मिळाली. शाळेच्या जुन्या कपाटात होती. त्यात पेटीवर संगीताच्या बाई आहेत, हे निर्विवाद. त्यांची भात्यावरची घाई कोणीही ओळखेल. मध्येच सरांचा “शांतता राखा” असा आवाज आहे. सर आता नाहीत, आणि तो आवाज आपल्याकडे दुसरीकडे कुठेही नाही. त्यानंतर एक मुलगी नाट्यगीत गाते. असं गाते की शेवटी सभागृहात क्षणभर कोणी टाळीच वाजवत नाही. पण ती कोण, हे कळायला मार्ग नाही. निवेदन कॅसेटच्या सुरुवातीला होतं आणि तेवढ्या भागावर कोणीतरी ‘डिस्को दीवाने’ भरून ठेवलं आहे! कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लास्टिकचे दात मोडून टाकले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. ते काम राहून गेलं होतं. आम्ही ती चौघांना ऐकवली, चौघांनी चार नावं सांगितली.

म्हणून ही विनंती. घरच्या माळ्यावर, कपाटाच्या तळाशी ज्या काही कॅसेट आणि तबकड्या असतील, त्या रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा बाहेर काढा. कॅसेटच्या रिळावर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नका, आधी जाणकाराला दाखवा. चांगली असेल तर लगेच संगणकावर उतरवून घ्या, कारण चुंबकीय फीत दरवर्षी थोडी थोडी खराब होतच असते. तबकडीवरच्या गोल कागदाचा फोटो काढा. आणि सर्वांत महत्त्वाचं, जे ऐकू येतं आहे ते कोणाचं आहे, हे सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून लिहून ठेवा. आई ओव्या म्हणत असेल, आजोबा भजनात असतील, शेजारचे काका ऑर्केस्ट्रात गात असतील, तर त्यांचं नाव, गाव आणि साल कागदावर येऊ द्या. मोठ्या कलावंतांची नोंद कोणी ना कोणी ठेवलीच आहे. आपल्या माणसांची आपल्यालाच ठेवावी लागेल.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, आपल्या जुन्या संगीताच्या वर्गात ती कॅसेट लावणार आहोत. बाईंनी यायचं कबूल केलं आहे. एक कोरी वहीही ठेवलेली असेल. जिला किंवा ज्याला तो आवाज ओळखता येईल, त्यांनी कृपया नाव लिहून जावं.